कयाकची किंमत आणि तिच्यावरचे ओझे

प्रति,
मा. संपादक,
स. न.

विषय: मासेमारीची कयाक स्वस्त घ्यावी की महाग, या लेखासंबंधी

महोदय,

गळाने मासेमारी करणाऱ्यांनी कयाक, म्हणजे बहुधा एका माणसाने बसून चालवायची छोटी निमुळती होडी, कशी निवडावी, याविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच आठवड्यात त्यावर एका वाचकाचे पत्रही आले. लेखकाचे म्हणणे असे, की ऐपत असेल तर महागडीच घ्यावी, कारण स्वस्त वस्तू दोनदा विकत घ्यावी लागते. पत्रलेखकाचे म्हणणे असे, की आपल्याकडच्या तलावांना स्वस्तातली पुरते आणि उरलेले पैसे गाठीला राहतात. दोघांची कळकळ खरी आहे, परंतु दोघांनीही किमतीपासून सुरुवात केली आणि किमतीपाशीच थांबले. माझ्या अनुभवात कयाक घेताना सर्वांत आधी पाहायचा आकडा वजनाचा असतो, आणि नेमका तोच आकडा लेखासोबतच्या चौकटीत भलत्या अर्थाने छापला गेला आहे: १२५ किलो क्षमतेची कयाक १२० किलोंच्या व्यक्तीलाही चालेल, असे तिथे म्हटले आहे. त्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे याची मला जाणीव आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर बांबूच्या काठीला दोरा बांधून बसण्यात बालपण गेले, नोकरीच्या काळात गळ माळ्यावर पडून राहिला, आणि निवृत्तीनंतर हातात वेळ आला तेव्हा काठावरून पाण्यात उतरण्याची हौस झाली. पहिली कयाक मी अठ्ठावीस हजारांना घेतली. दहा फूट लांबीची, वर बसायची, म्हणजे जिच्यात पाय आत घालून बसावे लागत नाही आणि अंगावर आलेले पाणी तळातल्या आरपार छिद्रांतून आपोआप निथळून जाते, अशी ती होती. विक्रेत्याने क्षमता १२० किलो सांगितली, माझे वजन ८४ किलो. ३६ किलो शिल्लक राहतात, असा हिशेब मी केला आणि आनंदाने पैसे मोजले. आयुष्यभर मुलांना आर्किमिडीजचे तत्त्व शिकवलेल्या माणसाने हा हिशेब करावा, याची लाज मला आजही वाटते.

डिसेंबरातल्या एका सकाळी, भंडारा जिल्ह्यातल्या एका मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजारांकडे असलेल्या जुन्या तलावात, तिथल्या मच्छीमार संस्थेची परवानगी घेऊन मी ती कयाक पाण्यात घातली. मागच्या खोलगट जागेत बर्फाची पेटी, तिच्याशेजारी नांगर आणि पाण्याच्या बाटल्या होत्या. अर्ध्या तासाने बसायच्या जागी ओल जाणवू लागली. दव असेल असे वाटले. थोड्या वेळाने मांड्या पाण्यात होत्या. जवळून एक वयस्क ढिवर, म्हणजे तिथला परंपरागत मच्छीमार, आपला डोंगा रेटीत चालला होता, तो थांबून म्हणाला, “सायेब, तुमचा डोंगा मांगून बसून राह्यला ना जी. पेटी पुढं घ्या.” मी पेटी पुढे घेण्यासाठी मागे वळलो आणि पाण्यात गेलो. पाणी छातीएवढेच होते. चष्मा, गळांचा डबा आणि अभिमान एवढेच गेले. लाइफ जॅकेट सोबत होते, पण ते पेटीच्या पट्ट्याखाली बांधलेले होते, हे सांगितल्याशिवाय ही हकिगत प्रामाणिक होणार नाही.

घरी आल्यावर मी वजनकाटा काढला. माझे ८४ किलो, जॅकेटचा एक, वल्ह्याचा एक, दोन काठ्या व गळांचा डबा मिळून चार, पिण्याचे पाणी चार, बर्फासह पेटी सहा, दोरीसह नांगर दोन आणि डबा-मोबाइलची पिशवी एक, अशी बेरीज १०३ किलो झाली. त्यात अजून मासा आलेला नव्हता. कयाकवाल्यांमध्ये सर्वसाधारण संकेत असा आहे, की छापील क्षमतेच्या सुमारे सत्तर टक्क्यांपर्यंतच भार घालावा. १२० चे सत्तर टक्के होतात ८४. म्हणजे ती कयाक उघड्या अंगाने, रिकाम्या हाताने बसलेल्या माझ्यासाठी होती, मासेमारीसाठी नव्हती.

छापील क्षमता म्हणजे नेमके काय, हे जाणून घेण्यासारखे आहे. सर्व कंपन्यांना बांधून ठेवणारी एकच मोजणी यामागे नाही. अमेरिकेत वीस फुटांपेक्षा लहान मोटरबोटींना भारक्षमतेची पट्टी लावणे कायद्याने बंधनकारक आहे, परंतु कयाक आणि कनू (वल्ह्याने चालणारी उघडी होडी) यांना त्या नियमातून वगळलेले आहे. त्यामुळे कोणी कयाक जेमतेम तरंगते तो आकडा छापतो, तर कोणी ती नीट चालते तो. साधा हिशेब असा, की दहा फूट लांब व अडीच फूट रुंद, दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या कयाकने पाण्याच्या पृष्ठभागावर व्यापलेली जागा साधारण दीड चौरस मीटर भरते. एवढ्या जागेवर पंधरा किलो वाढले की कयाक एक सेंटिमीटर खाली जाते. बसायची जागा पाण्यापासून तीन-चार सेंटिमीटरच वर असेल, तर वाढीव पन्नास किलोंनी ती पाण्याखाली जाणार, आणि मग ज्या छिद्रांतून पाणी खाली जायचे त्यांतूनच ते वर येणार. त्या छिद्रांना रबरी बुचे मिळतात. ती बसवली की खालून येणारे पाणी थांबते, पण लाटेने वरून आलेले पाणीही मग आतच राहते. बुचे हा भाराच्या दुखण्यावरचा उपाय नाही. सगळे वजन मागे असेल तर मागचे टोक आधीच बसते. त्या ढिवराने लांबून पाहूनच ते ओळखले, आणि मला ते भिजल्यावर कळले.

आता याच दृष्टीने बाजाराची दोन टोके पाहावीत. अमेरिकेतील लाइफटाइम कंपनीची टॅमरॅक अँगलर १०० ही तिकडची लोकप्रिय स्वस्त कयाक आहे. लांबी दहा फूट, क्षमता २७५ पौंड, म्हणजे सुमारे १२५ किलो. दुसऱ्या टोकाला होबी कंपनीची प्रो अँगलर १४ आहे. रुंदी ३८ इंच, क्षमता ६०० पौंड, म्हणजे २७२ किलो. सत्तर टक्के धरले तर पहिलीवर ८७ किलो, दुसरीवर १९०. पासष्ट किलोचा सडपातळ तरुण, दोन काठ्या आणि पाण्याची बाटली यांना पहिली अगदी योग्य आहे, आणि त्याने दुसरीवर लाखो रुपये घालवले तर त्यातला मोठा भाग न वापरलेल्या तरंगशक्तीपायी गेला असे होईल. माझ्यासारख्या, शंभर किलोंच्या ओझ्यासह निघणाऱ्या माणसाला मात्र पहिली धोक्याची आहे, मग ती कितीही मजबूत असो. दोघांना एकच सल्ला कसा देता येईल?

दुसरा मुद्दा प्लास्टिकचा. लेखात ‘महागड्या कयाकचे प्लास्टिक उत्तम असते’ एवढेच वाक्य आहे. त्यात थोडी भर घालतो. बहुतेक कयाक पॉलिएथिलिनच्या असतात आणि आपल्या घरोघरी छतावर असलेली पाण्याची टाकी ज्या पद्धतीने बनते, त्याच पद्धतीने त्यांतल्या पुष्कळशा बनतात. साच्यात प्लास्टिकची भुकटी भरायची, तो भट्टीत दोन्ही अक्षांभोवती फिरवत ठेवायचा, भुकटी वितळून आतल्या बाजूने सारखी बसते, मग थंड करून साचा उघडायचा. भुकटी किती घातली यावर जाडी ठरते. म्हणून एकाच लांबी-रुंदीच्या दोन कयाकपैकी एक चार किलोंनी हलकी असेल, तर तो गुण समजण्यापूर्वी तिच्या तळावर अंगठ्याने दाबून पाहावे. काही स्वस्त कयाक प्लास्टिकचा तापवलेला पत्रा साच्यावर खेचून, वरचा व खालचा असे दोन भाग जोडून करतात. त्या हलक्या आणि दिसायला चकचकीत असतात, पण त्यांच्या सांध्यावर नजर ठेवावी लागते.

टाकीची उपमा मी सहज दिलेली नाही. नागपूरकरांना प्लास्टिक आणि ऊन यांचे नाते वेगळे शिकवावे लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि गच्चीवरची हलकी टाकी काही उन्हाळ्यांत पांढुरकी पडून तिला केसासारख्या भेगा जातात. अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या साखळ्या तुटतात. त्यापासून वाचवणारे द्रव्य भुकटीत किती मिसळले, यावर आयुष्य ठरते. काळ्या टाक्या टिकतात, कारण त्यांतली काजळीच किरणे अडवते. पण काळी कयाक उन्हात कोणी घेत नाही, आणि भडक रंगाच्या स्वस्त कयाकमध्ये हे द्रव्य किती आहे ते दुकानात उभे राहून समजत नाही. म्हणून स्वस्त असो वा महाग, कयाक गच्चीवर ठेवू नये. माझ्या एका शेजाऱ्याने ती गच्चीवर दोन विटांच्या आधाराने दोन उन्हाळे ठेवली. तापून मऊ झालेल्या तळाला विटांच्या जागी दोन खळगे पडले, आणि आता ती सरळ चालत नाही, सतत डावीकडे ओढते. गाडीच्या टपावर पट्टे आवळून भर उन्हात तीन तास उभी केली तरी असेच होऊ शकते. सावलीतल्या भिंतीशी, कुशीवर, रुंद पट्ट्यांच्या आधाराने ठेवलेली स्वस्त कयाक उन्हात टाकलेल्या महागडीपेक्षा अधिक वर्षे टिकेल, हे मी पैजेवर सांगतो.

भेग पडलीच, तर साध्या पॉलिएथिलिनला प्लास्टिक वेल्डिंग होते. गाड्यांचे बंपर जोडणारे कारागीर हे काम करतात, फक्त त्यांच्याकडची नेहमीची कांडी चालत नाही, पॉलिएथिलिनचीच लागते. साध्या डिंकाने हे प्लास्टिक धड चिकटत नाही. त्यात पैसे घालवू नयेत.

स्वस्त कयाकची खरी दुबळी जागा मात्र तळात नसते, वर बसवलेल्या सामानात असते. काठी अडकवायची नळी, कडी, पट्ट्याची खुंटी हे सारे पातळ प्लास्टिकमध्ये थेट स्क्रू पिळून बसवलेले असते. महागड्या कयाकमध्ये त्याच जागी साच्यातच पितळी आटे बसवतात. ओढताण होऊन स्क्रू सैल झाला की तिथून पाणी पोटात शिरते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पोटात साचलेले दहा लिटर पाणी हे केवळ दहा किलो वजन नसते; कयाक ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला ते धावते आणि कल वाढवते. परात भरून पाणी उचलून चालणाऱ्याला हे समजावे लागणार नाही. नवी कयाक घेतल्यावर पहिल्या दिवशी काठालगत तासभर चालवून, बाहेर काढून, मागचे बूच उघडून टोक खाली करावे. पेलाभर पाणी निघाले तर चालेल, तांब्याभर निघाले तर गळती शोधावी. स्क्रू काढून त्याजागी रबरी नट बसवणे हे दोन-चारशे रुपयांचे काम आहे. पोटात बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम कोंबून ठेवला तर पाणी भरले तरी कयाक बुडत नाही; पॅकिंगचे सामान विकणाऱ्या इतवारीतल्या दुकानांत तो मिळतो. थर्माकोल घालू नये, त्याचा चुरा होऊन बुचात अडकतो.

एवढे लिहिल्यावर मी महागड्या कयाकच्या विरोधात आहे असा ग्रह होईल, तसे नाही. माझ्या बालमित्राने परदेशी बनावटीची, पायाने चालवायची कयाक मागवली आणि मी ती पूर्ण एक हिवाळा त्याच्यासोबत आलटून पालटून चालवली. तिची खुर्ची हा मला सर्वांत मोठा लाभ वाटला. चौकटीवर ताणलेल्या जाळीची, गुडघ्यांना आराम देणारी, तळापासून वीतभर उंच खुर्ची असली की साठीतला माणूस चार तास बसतो. स्वस्त कयाकच्या साच्यातल्या खोबणीत पाय लांब करून तास-दीड तासातच कंबर बोलू लागते. उंच बसल्याने गुरुत्वमध्य वर जातो आणि ते पेलण्यासाठी कयाक रुंद करावी लागते. रुंदी वाढली की वजन वाढते, वजन वाढले की वल्हवणे जड जाते, आणि म्हणून पेडल येते. महागड्या कयाकची किंमत अशी एकातून एक निघत जाते.

पायाने चालणाऱ्या कयाकला खरी चालना होबी कंपनीने १९९७ मध्ये दिली. तिच्या यंत्रणेत कयाकखाली दोन पंख पेंग्विनसारखे डावी-उजवीकडे हलतात. नंतर इतर कंपन्यांनी सायकलसारखे पेडल व खाली पंखा अशी रचना आणली. दोन्हींत फायदा एकच, की हात मोकळे राहतात. वारा कयाकला ढकलत असताना एका हातात वल्हे आणि दुसऱ्या हातात वाकलेली काठी, ही कसरत ज्याने केली आहे त्याला या सुखाची किंमत सांगावी लागत नाही. पाय संथपणे फिरवत आपण एका जागी थांबू शकतो आणि बुडीत झुडपालगतच्या मरळीसमोर गळ दहादा टाकू शकतो.

पण आपले पाणी कसे आहे? गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले जे तलाव आजही पूर्व विदर्भात टिकून आहेत, ते बहुतेक उथळ, वनस्पतींनी भरलेले आणि काठाशी गाळाचे आहेत. पेडलचा पंखा दीड फूट खोल जातो. मित्राच्या कयाकचा पंखा पहिल्याच सकाळी तीनदा वेलीत गुरफटला, आणि त्यांतल्या एका वेळी तो वेल शिंगाड्याचा होता. शिंगाडा हे ढिवरांचे पीक असते. दुसऱ्याच्या शेतातून ट्रॅक्टर घातल्यासारखे ते झाले आणि आम्हाला क्षमा मागून भरपाई द्यावी लागली, जे योग्यच होते. मोठ्या जलाशयांत दुसरी अडचण असते. धरणाच्या बुडितात गेलेल्या झाडांचे खुंट पाण्याखाली हात-दोन हातांवर उभे असतात आणि पाणी उतरू लागले की ते पंख्याच्या पातळीला येतात. फेब्रुवारीत असाच एक खुंट लागून पेडलचा दांडा वाकला. सुटा भाग परदेशातून यायला अडीच महिने लागले, तोवर मासेमारीचा हंगाम संपला होता. हा दोष वस्तूचा म्हणता येणार नाही. ती वस्तू इथल्यासाठी केलेली नव्हती आणि इथे तिचा भाग ठेवणारे कोणी नव्हते, एवढेच.

वजनाचे आणखी एक अंग लेखात आले नाही. माझी स्वस्त कयाक २३ किलोंची होती आणि मी ती एकट्याने लहान मोटारीच्या टपावर चढवत असे. मित्राची सामानासह साठ किलोंच्या पुढे जात असे. ती चढवायला दोघे लागत, काठापर्यंत न्यायला चाकांची गाडी लागे, आणि आपल्या तलावांच्या पाळीवरून ती गाडी खाली उतरवणे हा वेगळा व्यायाम होता. त्यामुळे तो एकटा कधीच जाऊ शकला नाही. शिवाय, रुंद कयाक सहजासहजी उलटत नाही हे खरे, पण एकदा उलटली की पालथी स्थिर राहते आणि खोल पाण्यात पोहता पोहता ती सरळ करणे एकट्या माणसाला फार कठीण जाते. अरुंद कयाक लवकर कलते, पण लवकर सुलटीही होते. विक्रेत्याच्या पत्रकात पहिली बाजू असते. दुसरी बाजू घेणाऱ्याने स्वतः, उथळ पाण्यात, सोबतीला कोणी असताना एकदा उलटून पाहावी.

वेगाविषयी लेखकाने बरेच लिहिले आहे, परंतु आपल्या कामात त्याचे महत्त्व थोडे आहे. पाण्यातल्या लांबीच्या वर्गमुळावर वेगाची मर्यादा ठरते. दहा फुटांना ती ताशी सुमारे पावणेआठ किलोमीटर येते, बारा फुटांना साडेआठच्या आसपास. सामान्य माणूस वल्हवतो ताशी चार ते पाच किलोमीटरने. मर्यादेपर्यंत कोणी पोहोचतच नाही. लांब कयाक सरळ जाते हा तिचा खरा गुण, आणि तो मोठ्या जलाशयात वारा सुटल्यावर कामी येतो.

आणि जायचे तरी कुठे, हा प्रश्न किमतीच्या आधी सोडवावा. तोतलाडोहचा जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे मासेमारीला बंदी आहे. बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात आणि त्यांतले मत्स्यबीज त्या संस्थांनी पैसे घालून सोडलेले असते; त्यांच्या परवानगीशिवाय रोहू-कतला काढणे ही चोरीच ठरते. ज्याला वर्षातून दहा दिवस, एखाद्या ओळखीच्या तलावात, काठापासून दोनशे मीटरच्या आत बसायचे आहे, त्याने चौदा फुटी कयाकचा विचार कशासाठी करावा? ज्याचे गोसेखुर्दसारख्या विस्तीर्ण पाण्याकाठी घर आहे, जो आठवड्यातून दोनदा परवानगीने उतरतो आणि ज्याच्या घरी उचलायला दुसरा माणूस आहे, त्याने मात्र महागड्या कयाकसाठी पैसे साठवावेत. त्याला तिचे मोल मिळेल.

मी स्वतः शेवटी काय केले, ते सांगतो. पहिली कयाक एका सडपातळ भाच्याला दिली. त्याला ती शोभते. माझ्यासाठी साडेअकरा फुटी, १८० किलो क्षमतेची, साधी, वल्ह्याने चालवायची कयाक घेतली, जिच्यावर माझे १०३ किलो आणि एखादा चांगला कतला मिळूनही सत्तर टक्क्यांच्या आत राहतात. तिच्यावर काठीच्या नळ्या, मासे शोधणारे यंत्र यांपैकी काहीही घेतले नाही. वाचलेले पैसे तीन ठिकाणी घातले: सुटी जाळीदार खुर्ची, फायबर ग्लासचे वल्हे आणि अंगाला नीट बसणारे लाइफ जॅकेट. कयाकसोबत फुकट मिळालेले ॲल्युमिनियमचे वल्हे सव्वा किलोचे होते, नवे नऊशे ग्रॅमच्या आत आहे. साडेतीनशे ग्रॅमने काय होते, असे दुकानात वाटते. पण तासाला हजारावर फटके मारायचे असतात आणि प्रत्येक फटक्याला ते वजन छातीपर्यंत उचलायचे असते. माझा खांदा कयाक बदलल्याने जेवढा सुखावला, त्याहून अधिक वल्हे बदलल्याने सुखावला.

जॅकेटवर काटकसर करू नये, एवढे सांगून मी हा भाग संपवणार होतो, पण काटकसर कुठे होते ते सांगितले पाहिजे. पोहता येणाऱ्यांसाठीच्या जॅकेटला किमान ५० न्यूटन, म्हणजे सुमारे पाच किलो भार पेलणारी तरंगशक्ती असावी, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. ज्याला पोहता येत नाही त्याने १०० न्यूटनचे, चेहरा पाण्याबाहेर ठेवणारे घ्यावे. बाजारात केशरी कापडात स्पंज भरलेली जाकिटे मिळतात, त्यांवर कोणताच आकडा नसतो. पाठ टेकवणाऱ्या खुर्चीत जाड पाठीचे जॅकेट टोचते, म्हणून माणूस ते काढून ठेवतो, आणि मी ठेवले तसे पेटीखाली बांधतो. वरच्या अर्ध्या पाठीवरच फोम असलेली जाकिटे मुद्दाम अशा खुर्च्यांसाठी करतात. ती थोडी महाग असतात, पण अंगावर राहतात. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण मुले बुडाली, त्यांच्या आठवणीने तरी आपण या बाबतीत किंमत पाहू नये. जाता जाता आणखी एक: कार्बनची काठी आणि कार्बनचे वल्हे विजेचे चांगले वाहक असतात. आभाळ गडगडू लागले की मासा लागलेला असला तरी काठ गाठावा.

त्या ढिवराचा डोंगा एका अखंड खोडाचा होता. त्याला खुर्ची नव्हती, क्षमतेची पट्टी नव्हती. त्यात दोन माणसे आणि ओले जाळे असताना काठ पाण्यापासून किती बोटे वर राहिला पाहिजे, हे मात्र त्याला ठाऊक होते, आणि त्याने मला ते बोटे मोजून दाखवले. चार. तेव्हापासून मीही कयाक पाण्यात घातली की आधी सगळे सामान रचतो, स्वतः बसतो आणि सोबत्याला बाजूने बोटे मोजायला सांगतो.

संपादक महोदय, आपल्याकडे माझी एकच विनंती आहे. लेखाच्या चौकटीत ‘क्षमता १२५ किलो, म्हणजे १२० किलो वजनाच्या व्यक्तीलाही चालेल’ असे छापले आहे. पावसाळा संपून पाणी निवळण्याचे दिवस जवळ आले आहेत आणि ती चौकट कापून खिशात ठेवून दुकानात जाणारे वाचक असतील; मी स्वतः तसा वाचक होतो. त्या वाक्याच्या जागी, १२५ किलो क्षमतेच्या कयाकवर माणूस, जॅकेट, वल्हे, पेटी, पाणी आणि पकडलेले मासे मिळून ८७ किलोंपेक्षा अधिक भार घालू नये, अशी दुरुस्ती येत्या रविवारच्या पुरवणीत, त्याच पानावर आणि शक्य तर तेवढ्याच ठळक अक्षरांत प्रसिद्ध करावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
त्रिमूर्तीनगर, नागपूर